ओळखी राखणारा सर्व्हर

खासगी जाळ्याच्या नियंत्रण सर्व्हरबद्दल आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: त्या जाळ्यातली माहिती त्याच्यातून जात नाही. नाशिकच्या घरी ठेवलेल्या संगणकातला फोटो तुम्ही मुंबईच्या लोकलमध्ये बसून फोनवर उघडता, तेव्हा तो फोटो शक्यतो घरून सरळ फोनकडे येतो. नियंत्रण सर्व्हरला तो दिसत नाही, आणि फोटो कितीही मोठा असला तरी सर्व्हरवर त्याचा भार पडत नाही. जाळ्यात कोणती उपकरणं आहेत, प्रत्येकाची सार्वजनिक किल्ली कोणती, ते सध्या कुठे गाठता येईल आणि कोणी कोणाशी बोलायचं, एवढ्याच नोंदी तो ठेवतो आणि ज्याच्या त्याच्यापर्यंत पोचवतो.

काम हलकं असलं तरी अधिकार मोठा आहे. ज्याच्या हातात हा सर्व्हर, तोच जाळ्यात कोणाला घ्यायचं आणि कोणाला काढायचं हे ठरवतो. हेडस्केल हा मुक्त स्रोत नियंत्रण सर्व्हर कंटेनरमध्ये कसा चालतो, हे या प्रकरणात पाहू. तो स्वतः चालवायला घेताना आपण नेमकी कोणती जबाबदारी अंगावर घेतो, तेही पाहू.

पत्ता नसलेली उपकरणं

१९८१मध्ये ठरलेल्या आयपी आवृत्ती ४मध्ये पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगभरात मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. तेव्हा ते अमाप वाटले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या जागतिक संस्थेने उरलेले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय नोंदणी संस्थांना वाटून टाकले आणि मध्यवर्ती साठा संपला.

टंचाई दिसू लागली तेव्हाच पत्ता-बदलाची युक्ती आली होती. घरातल्या सगळ्या उपकरणांना राउटर आतले खासगी पत्ते देतो आणि बाहेर स्वतःचा एकच पत्ता दाखवतो. पुढे इंटरनेट कंपन्यांनी हीच युक्ती स्वतःच्या पातळीवर वापरायला घेतली. हजारो ग्राहक मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांमागे बसवले गेले. त्यासाठी एप्रिल २०१२मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवण्यात आला. आपल्याकडे मोबाइल डेटा आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्या अशाच दुहेरी पडद्यामागे असतात. घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून काहीच आत येत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच. विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, ती कंपनीच्याच पातळीवर अडते. आयपी आवृत्ती ६मध्ये पत्त्यांची चणचण नाही आणि भारतात तिचा वापरही मोठा आहे. पण ती दोन्ही टोकांना असेलच असं नाही, आणि असली तरी बाहेरून आलेलं पॅकेट राउटर सहसा अडवतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे मधोमध एक व्हीपीएन सर्व्हर ठेवायचा आणि सगळी वाहतूक त्याच्यातून न्यायची. हा उपाय चालतो. मात्र सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये असेल, तर पुण्यातल्या फोनला पुण्यातल्याच संगणकाशी बोलण्यासाठी जर्मनीला जाऊन यावं लागतं.

वायरगार्डने सोडलेलं काम

जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेल्या वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलमुळे हे चित्र पालटलं. त्यामागचा शोधनिबंध २०१७चा. लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत, म्हणजे २९ मार्च २०२० रोजी, वायरगार्ड थेट कर्नलमध्ये आलं. कर्नलसाठीचा त्याचा मूळ कोड सुमारे ४ हजार ओळींचा होता. जुन्या व्हीपीएन प्रणालींचा पसारा लाखांच्या घरात जातो. एवढा छोटा कोड एकटा जाणकार माणूस वाचून तपासू शकतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट क्वचितच असेल.

वायरगार्डमध्ये प्रत्येक उपकरणाकडे किल्ल्यांची एक जोडी असते. खासगी किल्ली त्या उपकरणातच राहते आणि सार्वजनिक किल्ली इतरांना दिली जाते. ‘या सार्वजनिक किल्लीच्या धन्याचा जाळ्यातला पत्ता हा’ एवढी नोंद दोन्हीकडे असली की बोगदा तयार होतो. पण ही नोंद सगळीकडे पोचवायची कोणी, हा प्रश्न वायरगार्डने हेतुपुरस्सर आपल्या कक्षेबाहेर ठेवला.

दोन संगणक असतील तर किल्ल्या हाताने उतरवता येतात. दहा उपकरणांच्या मात्र ४५ जोड्या होतात आणि प्रत्येकाच्या फाइलमध्ये बाकी नऊ जणांची नोंद लागते, म्हणजे एकूण ९० नोंदी. पन्नास उपकरणं झाली की जोड्या १,२२५. एक फोन हरवला तर त्याची किल्ली उरलेल्या प्रत्येक उपकरणातून काढावी लागते, आणि एखादं जरी राहिलं तरी तिथली वाट हरवलेल्या फोनला उघडीच राहते. त्यात फोनचा बाहेरचा पत्ता दिवसातून कितीदा तरी बदलतो. हे सगळं सांभाळायला कोणीतरी लागतं. नियंत्रण सर्व्हर जन्माला आला तो या गरजेतून.

टेलस्केल आणि हेडस्केल

कॅनडात २०१९मध्ये सुरू झालेल्या टेलस्केल कंपनीने वायरगार्डवर असा सर्व्हर उभारला. उपकरणांवर चालणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामचा गाभा मुक्त स्रोत आहे, पण नियंत्रण सर्व्हर त्यांनी स्वतःकडे ठेवला. २०२०मध्ये हुआन फाँट यांनी त्याच सर्व्हरचं काम करणारा प्रोग्राम गो भाषेत स्वतंत्रपणे लिहायला घेतला. तो हेडस्केल. उपकरणांवर टेलस्केलचेच नेहमीचे प्रोग्राम बसवायचे आणि नोंदणीसाठी त्यांना आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. दोन्ही बाजूंमध्ये वैर नाही. हेडस्केलच्या प्रमुख देखभालकर्त्यांपैकी एक जण टेलस्केलमध्येच नोकरीला आहे आणि कामाच्या वेळातला काही भाग त्याला यासाठी देता येतो.

या सर्व्हरचं काम वधू-वर सूचक मंडळासारखं आहे. दोन्हीकडची माहिती पडताळायची, एकमेकांना पत्ता द्यायचा आणि पुढचं बोलणं त्यांच्यावर सोडायचं.

नवं उपकरण जाळ्यात येतं तेव्हा ते आपल्या किल्ल्या स्वतः घडवतं आणि फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर त्याला जाळ्यातला एक पत्ता देतो. हे पत्तेही १००.६४ने सुरू होणाऱ्या त्याच राखीव पट्ट्यातले असतात. मग त्याला परवानगी असलेल्या इतर उपकरणांची यादी मिळते. सर्व्हरशी असलेली जोडणी उघडीच राहते, त्यामुळे यादीत बदल झाला की तो लगेच सगळ्यांना कळतो.

पत्ता-बदलाच्या पडद्यामागच्या दोघांची गाठ कशी पडते? प्रत्येक उपकरण आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतं, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर दिसतो?’ हा स्टन नावाचा प्रोटोकॉल. मिळालेली उत्तरं दोघं एकमेकांना कळवतात आणि साधारण एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. बाहेर गेलेल्या पॅकेटची नोंद राउटरकडे असतेच, त्यामुळे समोरून आलेलं पॅकेट त्याला उत्तरच वाटतं आणि तो ते आत सोडतो. ब्रायन फोर्ड, पायडा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांनी २००५च्या निबंधात ही पद्धत तपशिलाने मांडली आहे.

काही पडदे इतके कडक असतात की ही युक्ती तिथे चालत नाही. अशा वेळी डर्प नावाचा रिले पॅकेटं इकडची तिकडे करतो. ती कुलूपबंदच असतात, कारण रिलेकडे किल्ली नसते. स्वतःचं जाळं म्हणवणाऱ्याने इथे एक गोष्ट तपासायला हवी. हेडस्केलच्या मूळ सेटिंगमध्ये रिलेची यादी टेलस्केलकडून येते आणि रिलेही त्यांचेच वापरले जातात. तेही नको असतील तर हेडस्केलमध्येच एक रिले आहे. तो सुरू करून ३४७८ हा यूडीपी पोर्ट उघडावा लागतो.

कंटेनरच्या आत आणि बाहेर

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. प्रोग्राम त्याच यंत्रावर, त्याच कर्नलवर चालतो, पण त्याला स्वतःपुरत्याच फाइली, स्वतःपुरतंच नेटवर्क आणि स्वतःपुरत्याच प्रक्रिया दिसतात. यासाठी लागणाऱ्या सोयी लिनक्समध्ये टप्प्याटप्प्याने आल्या. कोणत्या प्रक्रियांना किती स्मृती आणि किती प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारे सीग्रुप्स जानेवारी २००८च्या २.६.२४ या आवृत्तीत आले. या सोयी सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती दिल्या त्या डॉकरने. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३मध्ये पायकॉन परिषदेत त्याचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं.

हेडस्केलला कंटेनर चांगला मानवतो, आणि त्याचं कारण सुरुवातीलाच आलं आहे. बहुतेक व्हीपीएनच्या कंटेनरला यंत्राचं नेटवर्क बदलण्याचा खास अधिकार आणि टन हे आभासी नेटवर्क उपकरण द्यावं लागतं, कारण त्यातून पॅकेटं वाहतात. आतला रिले सोडला तर हेडस्केलमधून ती वाहत नाहीत, म्हणून त्याला यातलं काहीच लागत नाही. कुठल्या मार्गदर्शिकेत असे अधिकार दिलेले दिसले तर ते निर्धास्तपणे काढून टाकावेत. कंटेनरची फाइल प्रणाली फक्त वाचण्यापुरती ठेवूनही तो चालतो. कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्या प्रतिमेत (इमेजमध्ये) आदेश देण्यासाठीचं शेलसुद्धा नसतं, त्यामुळे कोणी आत शिरलं तरी वापरायला फारसं काही सापडत नाही. तपासणीसाठी शेल असलेली वेगळी डीबग प्रतिमा मिळते.

कंटेनर कधीही पुसून नव्याने बनवता यायला हवा. म्हणून टिकवायचं ते सारं बाहेर ठेवायचं असतं. असे दोन फोल्डर आहेत. ‘/ईटीसी/हेडस्केल’मध्ये सेटिंगची यामल फाइल असते. ‘/व्हार/लिब/हेडस्केल’मध्ये एसक्यूलाइटचा डेटाबेस आणि सर्व्हरची स्वतःची खासगी किल्ली असते. दुसरा फोल्डर यंत्रावरच्या जागेशी जोडायचा राहिला, तर कंटेनर बदलताच सगळ्या नोंदी जातात आणि प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागतं.

नवख्यांची पहिली अडचण बहुधा ऐकण्याच्या पत्त्याची असते. नमुना फाइलमध्ये हेडस्केल १२७.०.०.१ या पत्त्यावर ८०८० पोर्ट ऐकतो. यंत्रावर सरळ चालवताना ते योग्यच आहे. कंटेनरमध्ये मात्र १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः, त्यामुळे बाहेरून कोणीच पोचत नाही. तिथे ०.०.०.० लिहावं लागतं आणि मर्यादा बाहेरच्या बाजूला घालावी लागते, म्हणजे डॉकरने हा पोर्ट यंत्राच्या फक्त १२७.०.०.१वर उघडायचा. या मर्यादेकडे दुर्लक्ष करू नये. डॉकर फायरवॉलचे नियम स्वतः लिहितो, त्यामुळे त्याने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लोकप्रिय साधनात बंद दिसत असूनही जगाला खुला असू शकतो.

हेडस्केलच्या कर्त्यांची भूमिकाही इथे सांगायला हवी. कंटेनरबद्दलचं पान समुदायाने लिहिलेलं आहे आणि विकासकांनी ते पडताळलेलं नाही, असं त्यांच्या दस्तऐवजातच नमूद आहे. डेबियनचं पॅकेज ही त्यांची अधिकृत वाट. एका यंत्रावर फक्त हेडस्केल चालवायचा असेल तर तीच सोपी. त्याच यंत्रावर इतरही सेवा असतील आणि सगळ्यांची मांडणी एकाच फाइलीत हवी असेल, तर कंटेनर सोयीचा.

नाव, प्रमाणपत्र आणि प्रॉक्सी

सर्व्हरला सार्वजनिक पत्ता हवा, म्हणून तो सहसा भाड्याच्या छोट्या यंत्रावर ठेवतात. मुंबईच्या डेटा सेंटरमध्येही अशी यंत्रं मिळतात, आणि वाहतूक सहसा त्यातून जात नसल्याने सगळ्यात लहान यंत्र घरच्या जाळ्याला पुरतं. मात्र उपकरणांना त्याचा आकड्यांचा पत्ता न देता स्वतःच्या डोमेनमधलं नाव द्यावं. ‘सर्व्हर_यूआरएल’मध्ये लिहिलेलं हे नाव प्रत्येक उपकरण लक्षात ठेवतं. उद्या यंत्र बदललं तर डीएनएसमधली एक नोंद बदलून भागतं. नाव बदलावं लागलं तर मात्र घराघरांतल्या फोनना हात लावत बसावं लागतं. उपकरणांना जाळ्यात मिळणाऱ्या नावांचं ‘बेस_डोमेन’ सर्व्हरच्या या नावापेक्षा वेगळं असावं लागतं.

एचटीटीपीएससाठी पुढे कॅडी किंवा एंजिनएक्ससारखी प्रॉक्सी ठेवतात. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं घेणं आणि वेळेवर नवी करणं हे काम कॅडी आपणहून करते. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवायला हवा. टेलस्केलचा प्रोग्राम पोस्ट विनंतीने सुरुवात करतो आणि तीच जोडणी स्वतःच्या प्रोटोकॉलकडे वळवतो. नेहमीची वेबसॉकेट जोडणी गेट विनंतीने सुरू होते, त्यामुळे काही प्रॉक्सी हा प्रकार ओळखत नाहीत. मग ब्राउझरमध्ये सर्व्हर ठणठणीत दिसतो, पण उपकरण जोडलं जात नाही. क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे हेडस्केल चालत नाही, ते याच कारणाने. डीएनएस तिथे ठेवता येतं, प्रॉक्सी बंद ठेवावी लागते.

कोणाला आत घ्यायचं

सर्व्हर उभा राहिला की यंत्रावरून कंटेनरमधल्या हेडस्केलला आदेश देऊन एक वापरकर्ता तयार करतात. मग उपकरण दोन प्रकारे जोडता येतं. एकात उपकरण जोडणी मागतं आणि तुम्ही सर्व्हरवर जाऊन ती मंजूर करता. दुसऱ्यात तुम्ही आधीच एक प्रवेश-किल्ली काढून देता. ही किल्ली ज्याच्या हाती लागेल तो आत येऊ शकतो. म्हणून ती एकदाच वापरता येणारी आणि थोड्या वेळाने बाद होणारी असावी. पुन्हा पुन्हा वापरता येणारी, वर्षभराची किल्ली कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, तर पुढच्या सगळ्या काळजीला अर्थ उरत नाही.

कोणी कोणाशी बोलायचं, याचे नियम वेगळ्या फाइलीत लिहितात. फाइल नसेल तर सगळे सगळ्यांशी बोलू शकतात. घरच्या चार उपकरणांना ते चालेल. पण कॅमेऱ्यासारखं उपकरण जाळ्यात आलं की नियम हवेतच, म्हणजे फोनने कॅमेरा पाहावा, पण कॅमेऱ्याला घरच्या संगणकात डोकावता येऊ नये. हे नियम सर्व्हर फक्त वाटतो. पॅकेट स्वीकारायचं की टाकून द्यायचं, हा निर्णय ते ज्याच्याकडे आलं ते उपकरण घेतं.

भारतातल्या वाचकाच्या मनात इथे कायद्याचा प्रश्न येईल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवादारांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपावी लागते. त्यापाठोपाठ आलेल्या खुलाशात सेवादार म्हणजे सर्वसामान्य इंटरनेट ग्राहकांना प्रॉक्सीसारखी सेवा देणारा, असं स्पष्ट करण्यात आलं आणि कंपन्यांची अंतर्गत जाळी वगळण्यात आली. हेडस्केलचं जाळं मुळातच वेगळ्या कामाचं आहे. आपलीच उपकरणं आपसात जोडण्यासाठी ते असतं, आणि त्याने तुमचं इंटरनेटवरचं वावरणं लपत नाही.

सर्व्हर बंद पडला तर

नियंत्रण सर्व्हर रात्री बंद पडला तर आधीपासून बोलत असलेली उपकरणं बोलत राहतात, कारण किल्ल्या आणि यादी त्यांच्याकडे आहे. थांबतात ते बदल. नवं उपकरण येऊ शकत नाही, काढलेल्याची वार्ता इतरांना मिळत नाही, आणि मध्येच बंद करून सुरू केलेलं उपकरण यादीसाठी अडून राहू शकतं. रिलेही त्याच कंटेनरमध्ये असेल, तर त्याच्या आधाराने बोलणारे दोघं तुटतात.

सर्व्हर थोडा वेळ थांबला तरी चालतं, याचा फायदा बॅकअपला होतो. एसक्यूलाइट ताज्या नोंदी काही वेळ शेजारच्या वेगळ्या फाइलीत ठेवतं, म्हणून चालू सर्व्हरची फक्त मुख्य फाइल उचलली तर प्रत अर्धवट राहू शकते. कंटेनर थांबवावा, दोन्ही फोल्डर पुरते उतरवून घ्यावेत आणि तो पुन्हा सुरू करावा. मिनिटभराचा हा खोळंबा सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. ही प्रत दुसऱ्या यंत्रावर, कुलूपबंद ठेवावी, कारण तिच्यात सर्व्हरची खासगी किल्ली असते.

आवृत्ती बदलताना असाच सावधपणा हवा. हेडस्केलच्या नव्या आवृत्तीत डेटाबेसची मांडणी बदलू शकते आणि मग मागे फिरता येत नाही. म्हणून प्रतिमेला ‘लेटेस्ट’ हे नाव न देता आवृत्तीचा आकडा लिहावा. बदलांची यादी वाचावी, आधी प्रत घ्यावी आणि मधल्या आवृत्त्या न गाळता एकेक पायरी चढावी.

स्वतः चालवण्याचा अर्थ

नियंत्रण सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे तो तुमचे जुने फोटो उघडू शकत नाही. पण स्वतःचं एक उपकरण तो यादीत घालू शकतो, आणि बाकीची उपकरणं त्याला आपलं मानतील. सर्व्हर दुसऱ्याकडे असतो तेव्हा हा विश्वास आपण त्या कंपनीवर टाकलेला असतो. तो घरी आणला की यंत्रावर पासवर्डने होणारं लॉगिन बंद ठेवणं, सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर बसवणं आणि डॉकरचा अधिकार कोणाकोणाला आहे हे पाहणं आपल्यावर येतं. डॉकर चालवण्याची मुभा म्हणजे जवळजवळ त्या यंत्राची पूर्ण मालकीच. याला वेळ देणारं कोणी नसेल तर टेलस्केलची तयार सेवा घेणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात कमीपणा नाही.

ज्यांना हे करायचंच आहे त्यांनी आधी एक चाचणी घ्यावी. दोन जुनी उपकरणं जोडावीत आणि बॅकअप घ्यावा. मग जुना सर्व्हर बंद करून कोऱ्या यंत्रावर ते दोन फोल्डर आणि कंटेनरच्या मांडणीची फाइल आणावी, कंटेनर सुरू करावा आणि डीएनएसची नोंद नव्या यंत्राकडे वळवावी. थोड्या वेळाने उपकरणं कोणी हात न लावता परत जोडली गेली, तर सर्व्हर खरोखर तुमच्या ताब्यात आहे. नाही जोडली गेली, तर कुठे अडलं ते तेव्हाच शोधावं, आणि चाचणी पार पडल्यावरच घरच्यांचे फोन जोडायला घ्यावेत.